गाडीचा लूक आणि आमचा पदर

हातातलं काम हातात राहू द्या, ऐकता ऐकता करा. आज आम्ही बचतीवर बोलणार नाही, पापड-लोणच्यावरही नाही. आज मोटरसायकलवर बोलायचंय. गाडी पोरांची, त्यात आपलं काय, असं म्हणू नका. त्या गाडीवर मागं आपणच बसतो.

आमच्या गटातल्या एका काकूंनी अंतर्गत कर्जातून तीस हजार घेतले. लेकासाठी जुनी मोटरसायकल घ्यायची होती. सकाळी डेअरीला दूध, आठवड्याला बाजार, दवाखाना, सगळं त्या गाडीवर होणार होतं. गटानं एकमतानं कर्ज मंजूर केलं. पहिले दोन हप्ते अगदी तारखेला आले. मग पोरगं गाडीच्या मागं लागलं. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्यानं साध्या गाडीची 'स्पोर्ट' गाडी करायला घेतली. पाना-स्क्रूड्रायव्हर घरचाच. मागचं मडगार्ड कापलं, आरसे काढले, हँडल बुटकं बसवलं. मागच्या माणसानं धरायची दांडी काढली. आणि डाव्या बाजूचं साडीगार्ड काढून गोठ्याच्या पत्र्यावर टाकलं. काकूंनी विचारलं, "अरे, ते कशाला काढलंस?" तर म्हणाला, "आई, त्यानं लूक जातो."

पुढच्या बाजाराला काकू मागं एका अंगावर बसल्या, मांडीवर भाजीची पिशवी. ओढ्याच्या उतारावर साडीचा काठ चाकात गेला. धरायला दांडी नव्हती. पडल्या त्या खांद्यावर. हसळीचं हाड मोडलं. डोक्याला लागलं नाही एवढंच नशीब. दीड महिना हात झोळीत. काकू शिवणकाम करणाऱ्या, त्यामुळं मशीन बंद, आणि मशीन बंद म्हणून हप्ता बंद.

मासिक बैठकीत आम्ही थकबाकी वाचून दाखवली, तेव्हा काकू काही बोलल्या नाहीत. पदरानं डोळे पुसले. खरं सांगतो, आम्हाला लाज वाटली. कर्ज देताना आम्ही आरसी बुक पाहिलं होतं, किंमत पाहिली होती, जामीनदार पाहिले होते. पण "काकू, या गाडीवर तुम्ही बसणार कुठं, धरणार कशाला?" हे एकीनंही विचारलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही या विषयाची माहिती काढली. गॅरेजवाल्यांकडं गेलो, आरटीओच्या शिबिरात बसलो. पहिली गोष्ट ही कळली की साडीगार्ड ही काही कंपनीची हौस नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 123 नंबरचा नियम आहे. मागं माणूस बसायची सोय असलेल्या मोटरसायकलला तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: धरायला पक्की दांडी किंवा पट्टा, पाय ठेवायला फुटरेस्ट, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकेल असं संरक्षण. ते कशासाठी, हेही नियमातच लिहिलंय. मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. म्हणजे कायदा करणाऱ्यांना आपली साडी आठवली होती, पोराला आठवली नाही.

आमच्या आज्या नऊवारीचा काष्टा घालायच्या. त्यांना दोन्हीकडं पाय टाकून बसता आलं असतं, पण तेव्हा गाड्याच नव्हत्या. आता गाड्या आल्या आणि अंगावर सहावारी आली. असो.

आता पोरं घरच्या घरी काय काय बदलतात, आणि त्यातलं काय चालतं, काय नाही, ते सांगतो. कायदा असा आहे की कंपनीनं जशी गाडी बनवली आणि आरसीवर जशी नोंदली, त्यात मनानं मूळ बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं ते 52 वं कलम. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे, आणि ती गाडीच्या मालकावर आहे. आता बायांनो, मालक कोण? कर्ज आपल्या नावावर म्हणून कित्येक घरांत गाडीही आपल्याच नावावर असते! पोरगं पाना फिरवणार आणि पावती आईच्या नावानं फाटणार. शिवाय अपघात झाला आणि विमा कंपनीला असा बदल दिसला, तर दावा अडकू शकतो.

एक सूट मात्र लक्षात ठेवा. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायला कायद्यात जागा आहे. शेजारच्या गावातल्या ताईंनी स्कूटरला जोडचाकं बसवली, आरटीओची परवानगी घेऊन, आरसीवर नोंद करून. त्या आता स्वतः बँकेत येतात.

सायलेन्सरचं ऐका. आतल्या जाळ्या-नळ्या काढल्या की गाडी फटफट करते. पोरांना वाटतं ताकद वाढली. वाढतो तो आवाजच. नव्या बीएस-सहा गाड्यांत धूर स्वच्छ करायचा भाग सायलेन्सरच्या नळीतच असतो, तोही जातो. आवाजाचा आणि धुराचा नियम मोडला तर पहिल्याच वेळेला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तीन महिने लायसन्सही जातं. आणि बाळंतिणीच्या घरावरून रात्री असली गाडी गेली की काय होतं, ते आम्ही सांगायला नको.

दिव्याचं गणित थोडं समजून घ्या, ते उपयोगी आहे. साध्या गाडीचा हेडलाईटचा बल्ब बहुतेक 35 वॅटचा असतो, बॅटरी 12 व्होल्टची. वॅटला व्होल्टनं भागलं की वायरमधून किती करंट जातो ते कळतं. इथं तीन अँपिअरच्या आसपास. बाजारातून 100 वॅटचा बल्ब आणून त्याच वायरला लावला की तोच आकडा आठच्या वर जातो. वायर तीच, बारीकच. मग होल्डर वितळतो, वायरचं प्लास्टिक जळतं, आणि ती वायर जाते पेट्रोलच्या टाकीखालून. एलईडीला वीज कमी लागते हे खरं, पण उजेड वर मारून बसवला तर समोरून येणाऱ्या माणसाला दोन क्षण काहीच दिसत नाही. दिवा मूळचाच ठेवा, काच आतून-बाहेरून पुसा. निम्मा अंधार काचेवरच्या धुळीचा असतो.

मग घरी काय करावं? पुष्कळ आहे. आरसे परत बसवणं पाच मिनिटांचं काम. आणि सीट कव्हर तर आपल्या हातचंच. आमच्या गटानं आता ते शिवायला घेतलंय. सीटवर जुनं वर्तमानपत्र पसरायचं, कडेनं खडूनं आखायचं, तो कागद कापला की माप तयार. शिलाईला दोन बोटं जास्त ठेवायची. कापड खरबरीत घ्या. गुळगुळीत रेक्झिनवर सिल्कची साडी अशी घसरते की ब्रेक दाबला की बाई पुढच्याच्या पाठीवर. दोरा नायलॉनचा, सुई जाड, खाली इलॅस्टिक. आणि आमची चूक सांगतो. पहिली चार कव्हरं आम्ही सीटच्या मधल्या पट्ट्यावरून शिवली. दिसायला झकास, पण धरायचा पट्टाच आत गेला! चारही उसवली.

पुण्याहून सुट्टीला आलेल्या एका पाहुण्यांनी मोटारीच्या सीटची कव्हरं मागितली, तेव्हाही असंच होता होता वाचलं. काही मोटारींत एअरबॅग सीटच्या कुशीत बसवलेली असते, शिवणीवर छोटं लेबल असतं. त्यावरून घट्ट कव्हर शिवलं तर अपघातात एअरबॅग उघडायलाच जागा राहत नाही. त्या बाजूला कापड मोकळं ठेवावं लागतं. आम्ही ते काम घेतलंच नाही. पैसे गेले, पण झोप लागली.

आता साडीगार्ड. काकूंच्या पोरानंच ते पुन्हा बसवलं. आई झोळीत हात घालून ओट्यावर बसलेली, आणि हा पत्र्यावरून गार्ड काढून ठोकून सरळ करतोय. एक पट्टी तुटली होती, ती वेल्डिंगवाल्याकडून जोडून आणली. गाडीवर ठेवून वेल्डिंग केलं नाही. जवळ पेट्रोल, आणि विजेच्या झटक्यानं गाडीची इलेक्ट्रिक यंत्रणा जळू शकते. चासीला नवं भोक पाडलं नाही, मूळच्या भोकांतच नट-बोल्ट, खाली स्प्रिंग वॉशर. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक हातानं फिरवून पाहिलं. नंतर दोघांना वर बसवलं आणि गाडी दाबून पाहिली. वजनानं मागचा भाग खाली बसतो, तेव्हा गार्ड टायरला घासता कामा नये. कंपनीचं गार्ड मिळत असेल तर तेच घ्या, घरचं बनवण्यात शहाणपण नाही.

आणि गार्ड असलं तरी बसताना पदर कमरेला खोचा, साडीचा घोळ मांडीखाली घ्या, ओढणीला मागं गाठ मारा. हेल्मेट मागच्यालाही लागतं. कापड अडकल्याची ओढ बसली तर उडी मारू नका, चालवणाऱ्याला ओरडून सांगा. त्यानं गाडी हळू थांबवावी, बंद करावी, आणि चाक हातानं उलट फिरवून कापड सोडवावं.

गटात यावर भांडणही झालं. आम्ही ठराव मांडला की गाडीसाठी कर्ज दिलं तर महिन्यानं दोघी जाऊन गाडी पाहून येतील. आमच्या अध्यक्षाबाई म्हणाल्या, "बँक असं करते का? लोकांच्या पोरांच्या गाड्या तपासणं हे आपलं काम नव्हे." त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. पण काकू उठल्या आणि म्हणाल्या, "बँकेला माझा हात लागत नाही, गटाला लागतो." ठराव पास झाला. काकूंचे तीन हप्ते पुढं ढकलले, दंड लावला नाही. पोरानं गुटक्या हँडलच्या जागी जुनं हँडल चढवलं. मडगार्डचं काम अजून बाकी आहे, तो पैसे जमवतोय.

येत्या रविवारी दुपारी तीन वाजता ग्रामसंघाच्या शेडमध्ये या. गाडी घेऊन या, आणि गाडी चालवणाऱ्या लेकाला, नवऱ्याला, दिरालाही आणा. सोबत जुनं वर्तमानपत्र आणि खडू आणा. पाने काकूंच्या पोराकडं आहेत.