टी-शर्टवरील मशीन भरतकाम : आधी पाया, मग नक्षी

(कृषी विज्ञान केंद्रात बचत गटांसाठी घेतलेल्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



मी कृषिविद्या विषय शिकवते. मशागत, पेरणी, तणनियंत्रण हे माझे रोजचे काम. त्यामुळे टी-शर्टवरच्या भरतकामावर मी बोलणार म्हटल्यावर काही जणींना नवल वाटले असेल. पण हा विषय आपल्या शेतापासून फार लांब नाही. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. सूतकताई, विणाई आणि बेतणी यांतील घट सोडली, तर ढोबळ मानाने त्यातून दीडशेच्या आसपास टी-शर्ट होतात. आपल्या गावातून कापूस जातो, आणि टी-शर्ट मात्र तमिळनाडूतील तिरुपूरसारख्या होजिअरीच्या केंद्रांतून तयार होऊन आपल्या बाजारात येतो. सूतगिरणी किंवा विणाईचा कारखाना प्रत्येक गावात निघणार नाही. पण तयार शर्टवर नाव, चिन्ह किंवा नक्षी भरून देणे हे काम शिलाई मशीन असलेल्या घरात होऊ शकते. शेतीची कामे कमी असतात त्या दिवसांत त्यातून चार पैसे मिळू शकतात. मात्र ते तोट्यातही जाऊ शकते, आणि तो तोटा मी जवळून पाहिला आहे.

आमच्या घरचा अनुभव

माझ्या वहिनींच्या गटाने गावातील कबड्डी संघाचे काम घेतले होते. शर्ट संघाने आणून दिले होते. छातीवर गोल चिन्ह भरायचे, मजुरी प्रति नग ४० रुपये, एकूण ३० नग. रुमाल आणि उशीचे अभ्रे भरण्याचा हात सर्वांचाच होता. मी सुट्टीला गेले होते. मीच सांगितले, “रिंगमध्ये कापड तबल्यासारखे ताणून बसवा, टाका स्वच्छ येईल.” सुती रुमालाला ते बरोबर होते. टी-शर्टला ते चुकले. रिंग काढताच सात शर्टांवरील चिन्हाभोवती सुरकुत्या पडल्या आणि गोल चिन्ह अंड्यासारखे झाले. आणखी दोन शर्टांना सुईने भोके पडली. नऊ शर्ट भरून द्यावे लागले. प्रत्येकी १८० रुपयांप्रमाणे १,६२० रुपये झाले. मजुरी १,२०० रुपये आली होती. चार दिवस राबून पदरचे ४२० रुपये गेले, दोऱ्याचा खर्च वेगळाच.

वहिनी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “ताई, पीक बिघडलं की तुम्ही आधी माती बघता. मग या कापडाचं काय झालं ते बघा ना.” मग मी बघितले. त्या नऊ शर्टांपैकी एक आज बरोबर आणला आहे. तो फिरवते. हातात घेऊन ताणून बघावा.

कारण कोणते?

रुमालाचे कापड उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले असते. ते फारसे ताणत नाही. टी-शर्टचे होजिअरी कापड एकात एक अडकवलेल्या फासांचे असते. ओढले की फास लांबतात, सोडले की पूर्ववत होतात. भरतकामाचा दोरा मात्र ताणत नाही. ताणलेल्या कापडावर टाके घातले आणि रिंग काढली, की कापड आखडते, दोरा तसाच राहतो आणि सुरकुती पडते. नवशिक्यांच्या बहुतेक चुका या एकाच कारणातून होतात. म्हणून नक्षीपेक्षा नक्षीखालच्या पायाकडे जास्त लक्ष द्यावे.

पूर्वतयारी

१. कापड तपासणे : सुती होजिअरी पहिल्या धुण्यात आटते. एका शर्टवर खडूने नव्हे तर दोऱ्याने २५ सें.मी. लांबी-रुंदीचा चौकोन टाचावा. शर्ट धुऊन वाळवून पुन्हा मोजावे. २५ चे २४ झाले तर आटण्याचे प्रमाण ४ टक्के. असे कापड भरतकामापूर्वी एकदा धुऊन घ्यावे. नाहीतर काम चांगले होऊनही गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्या धुण्यात सुरकुती पडते.

२. सुई : साधी टोकदार सुई फासाचा धागा तोडते आणि तिथून भोक वाढत जाते. होजिअरीसाठी गोलसर टोकाची, म्हणजे बॉलपॉइंट सुई मिळते. ७५/११ क्रमांकाची सुई नेहमीच्या टी-शर्टला चालते. सुमारे आठ तास काम झाल्यावर ती बदलावी.

३. आधाराचा कागद : हा दिसायला कागद, पण असते न विणलेले कापड. दुकानात नॉन-वोव्हन म्हणून मागावा. एक प्रकार काम झाल्यावर फाडून काढतात, त्याला टेअरअवे म्हणतात. दुसरा कात्रीने कापतात, तो कटअवे. टी-शर्टला कटअवेच वापरावा, कारण तो नक्षीखाली कायम राहतो आणि पुढच्या धुण्यांतही कापड सावरून धरतो. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये. तो टाक्यांनी फाटतो आणि शाईचे डागही पडतात.

४. दोरा : वर ४० नंबरचा पॉलिएस्टर भरतकामाचा दोरा घ्यावा. बॉबिनमध्ये त्याहून बारीक, ६० नंबरचा दोरा भरावा.

रिंगमध्ये बसवण्याची पद्धत

कागद ताठ आणि कापड सैल-सपाट, हे सूत्र ध्यानात ठेवावे. शर्ट पाटावर पसरून हाताने सारखा करावा. खालून कागद लावून दोन्ही कच्च्या टाक्याने एकत्र करावेत आणि मगच रिंगमध्ये धरावेत. रिंग बसल्यावर कडेने कापड ओढू नये.

कापड ताणले गेले की नाही हे ओळखण्याची सोपी खूण सांगते. रिंग लावण्याआधी नक्षीच्या जागी बांगडी ठेवून खडूने गोल काढावा. रिंग लावल्यावर गोल गोलच राहिला तर काम सुरू करावे. लांबट दिसला तर रिंग काढून पुन्हा बसवावी. आमच्या गटात आता ही तपासणी झाल्याशिवाय मशीनला हात लावत नाहीत.

मोठ्या माणसाच्या शर्टवर डाव्या छातीवरील चिन्हाचा मध्य गळ्याजवळील खांद्याच्या शिवणीपासून १८ ते २० सें.मी. खाली आणि मध्यरेषेपासून सुमारे १० सें.मी. बाजूला येतो. मुलांच्या शर्टसाठी प्रत्यक्ष अंगात घालून खूण करावी. शर्टचा मागचा भाग रिंगखाली आला नाही ना, हे चाचपून पाहावे. पुढचा-मागचा भाग एकत्र शिवला जाणे ही नवशिक्यांची हमखास चूक आहे. उरलेला शर्ट गुंडाळून चिमट्यांनी बाजूला बांधावा.

साध्या मशीनवर काम

कापड दाबणारा फूट काढून भरतकामाचा फूट लावावा. खालचे दाते खाली घ्यावेत किंवा पट्टीने झाकावेत. रिंग अशी धरावी की कापड मशीनच्या पृष्ठभागाला टेकेल. फूट न लावता काम केले तरी त्याचा दांडा खाली पाडायला विसरू नये. दांडा वर राहिला तर वरच्या दोऱ्याला ताणच मिळत नाही आणि खाली दोऱ्यांचे जाळे होते. मशीन एकसारख्या वेगाने चालवून रिंग सावकाश फिरवावी. रिंग झटक्याने ओढली तर सुई मोडते.

वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवून भरतकाम करणारे शिफली यंत्र इझाक ग्रोब्ली यांनी १८६३ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार केले. आजच्या संगणकीय मशीनमध्येही टाका दोन दोऱ्यांचाच असतो. म्हणून काम उलट करून पाहण्याची सवय लावावी. भरीव पट्टीच्या मागे मधल्या एक-तृतीयांश भागात बॉबिनचा दोरा दिसला तर ताण योग्य. पुढच्या बाजूला बॉबिनचा दोरा दिसू लागला तर वरचा ताण थोडा कमी करावा.

नक्षी विरळ असावी

पिकात रोपांची दाटी झाली की आपण विरळणी करतो. टाक्यांचेही तसेच आहे. संगणकीय मशीनवर भरीव कामात दोन ओळींतील अंतर साधारण ०.४ मि.मी. ठेवतात. पातळ होजिअरीवर ते थोडे वाढवावे आणि वरच्या भरणीआधी पायाचे विरळ टाके अवश्य घ्यावेत. सुरुवातीला पूर्ण भरलेला मोठा गोल घेऊ नये. बाह्यरेषेची पाने, कणीस, अक्षरे अशी मोकळी नक्षी घ्यावी. मराठी अक्षरे निदान एक सें.मी. उंच ठेवावीत. त्याहून लहान अक्षरांत रफार, मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत गुंततात. जाळीदार विणीच्या जाड कॉलरच्या शर्टवर टाके रुततात. तिथे वरून पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म ठेवावी.

काम झाल्यावर मागचा कागद नक्षीभोवती एक सें.मी. ठेवून कापावा. कापताना कात्री शर्टला लागू देऊ नये. इस्त्री उलट्या बाजूने, खाली टॉवेल ठेवून करावी.

हिशोब

भरतकामाच्या धंद्यात मजुरी बहुधा दर हजार टाक्यांवर ठरते. छातीवरील मध्यम चिन्ह समजा ६,००० टाक्यांचे आहे. मिनिटाला ६०० टाक्यांच्या वेगाने मशीन दहा मिनिटे चालते. पण रिंग लावणे, दोरे बदलणे आणि कातरणे धरून वीस मिनिटे लागतात. म्हणजे तासाला तीनच नग. मजुरी सांगताना ही वीस मिनिटे धरावीत, दहा नव्हे.

काम घेताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

- आधी एक नमुना भरून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. नावातील काना-मात्रा त्यांच्याकडून तपासून घ्याव्यात.
- तीस नगांचे काम असेल तर दोन शर्ट जादा मागावेत.
- खराब झालेल्या नगाची भरपाई कोणी द्यायची, हे लिहून ठेवावे.
- प्रसिद्ध कंपन्यांची चिन्हे परवानगीशिवाय भरू नयेत.

आणि एक कळकळीची सूचना. संगणकीय मशीनसाठी आधी कर्ज काढू नये. घरच्या मशीनवर जुन्या टी-शर्टांचे निदान पंचवीस नमुने करावेत. त्यांतील शेवटचे दहा ओळीने निर्दोष आले तरच बाहेरचे काम घ्यावे. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत शिलाईकामाचे मोफत वर्ग होतात, तेथे चौकशी करावी. वर्षभर कामाची वही ठेवावी. त्या वहीत हप्ता फेडण्याइतके काम दिसले, तर मशीनचा विचार जरूर करावा. बियाणे घेण्यापूर्वी आपण विहिरीचे पाणी बघतो, तसेच हे आहे.

वहिनींच्या गटाने दुसऱ्या वर्षी त्याच संघाचे काम पुन्हा केले. या खेपेस एकच नग वाया गेला आणि तो जादा घेतलेल्या दोनांतून भरून निघाला. मजुरी पूर्ण हातात राहिली.

माझे बोलणे संपले. आता मशीनजवळ जाऊन प्रत्येकीने एकेक रिंग लावून बघावी. बांगड्या सगळ्यांच्या हातात आहेतच. आणि तो फिरवलेला शर्ट तेवढा मला परत द्यावा, पुढच्या वर्गालाही दाखवायचा आहे.