वायफाय अडलं की आधी घरात बघा

बायांनो, घरचं काम उरकलं नसेल तर हात चालू ठेवा, फक्त कान इकडं द्या. आज वायफायबद्दल बोलू.

मृगाच्या तोंडावरची गोष्ट. आमच्या एका गटाला बियाण्यासाठी कर्ज हवं होतं. कागदांचे फोटो पाठवायचे होते. सचिवताईंच्या घरी वायफाय, म्हणून सगळ्या तिथं जमल्या. फोटो काही जाईनात. दोन दिवस गेले. जी ती कंपनीच्या नावानं बोटं मोडत होती. मी गेले तर राउटरच दिसेना. ताई म्हणाल्या, "पोरं हात लावतात म्हणून लोखंडी कपाटात ठेवलाय." राउटर बाहेर काढून उंच फळीवर ठेवला आणि फोटो गेले. पेरणी थोडक्यात वाचली.

असं का झालं? आता तुम्ही मला ऐकताय त्या रेडिओच्या लहरी, तशाच वायफायच्याही लहरी. पण त्यांचा जोर घरापुरताच. लोखंड, पत्रा त्यांना अडवतो. आपल्या जुन्या माळवदाच्या दगडमातीच्या जाड भिंती आणि पाण्याची टाकीही त्या शोषून घेते. म्हणून राउटर घराच्या मधोमध, उंचावर, मोकळा ठेवा. धान्याच्या कोठीमागं किंवा फ्रीजवर नको.

तरी अडलं तर आधी परीक्षा घ्या. मोबाईल घेऊन राउटरपाशी उभ्या राहा. तिथं चांगलं चालतं आणि स्वयंपाकघरात रखडतं, तर अडचण भिंतींची. तिथंही रखडतं, तर बाकीचे मोबाईल आणि टीव्ही वायफायवरून काढून बघा. एकजण सिनेमा बघत असेल तर तुमचा फोटो रांगेत थांबणारच. गल्लीभर पासवर्ड गेला असेल तर बदला. महिन्याचा डेटा संपला की वेग उतरतो, तेही तपासा.

पुष्कळ राउटरवर दोन नावं दिसतात. 5 लिहिलेलं जवळून वेगानं चालतं, 2.4 लिहिलेलं हळू, पण भिंतीपलीकडं जास्त पोचतं. लांबच्या खोलीत 2.4 घ्या.

मग राउटरचं बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबून चालू करा. मागच्या बारीक छिद्रात मात्र काडी घालू नका. त्यानं सगळी मांडणी पुसली जाते आणि मग माणूसच बोलवावा लागतो.

फायबरची लाईन असेल आणि लाल दिवा पेटला असेल, तर बिघाड बहुधा तारेत. ती तार काचेची असते. तिला घडी घालू नका, तिच्यावर कपडे वाळत घालू नका. तुटलेल्या टोकात डोळा लावून बघू नका, आतल्या प्रकाशानं डोळ्याला इजा होऊ शकते. कंपनीला फोन करा आणि तक्रारीचा नंबर गटाच्या वहीत लिहून ठेवा. नंबर असला की आपलं म्हणणं टाळता येत नाही.

आणि लाईट गेली की राउटरही बंद पडतो. बैठकीच्या दिवशी नोंदी आधी कागदावर घ्या, लाईट आल्यावर मोबाईलवर चढवा. छोटी बॅटरी घ्यायची असेल तर राउटरच्या चार्जरवरचे व्होल्ट दुकानदाराला दाखवूनच घ्या.

बायांनो, चूल पेटेना तर आपण आधी लाकूड ओलं आहे का ते बघतो. वायफायचंही तसंच. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपला राउटर कुठं ठेवलाय ते सांगा. भेटू पुन्हा. रामराम!