तारण विद्येचे



इस्रोतली नोकरी म्हणजे मानाची आणि पक्की. पवनकुमार चंदना आणि नागभरत डाका या तरुण इंजिनिअरांनी ती सोडली आणि २०१८ साली हैदराबादेस 'स्कायरूट' कंपनी काढली. खाजगी कंपन्यांना अग्निबाणाचे क्षेत्र सरकारने खुले केले ते २०२० मध्ये! म्हणजे दार उघडण्यापूर्वीच हे उंबरठ्यावर उभे.

अडचण भांडवलाची. गिरणीवाला यंत्रे गहाण टाकील. यांचा अग्निबाण एकदा उडाला की संपला. तारण ठेवायचे काय? आरंभी हात दिला 'मिंत्रा'चे संस्थापक मुकेश बन्सल यांनी. तेही मूळचे इंजिनिअरच. पुढे आपल्या नागपूरच्या सोलार इंडस्ट्रीजनेही पैसा घातला. घन इंधनाच्या पहिल्या मोटारीची चाचणी डिसेंबर २०२० मध्ये झाली ती नागपुरातच.

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून सहा मीटरांचा 'विक्रम-एस' उडाला, ८९.५ किलोमीटर चढला आणि ठरल्याप्रमाणे समुद्रात पडला. उपग्रह कक्षेत सोडण्याचा त्याचा हेतूच नव्हता. विद्या खरी ठरवायची होती. ती ठरली.

उद्या आपला मुलगा पक्की नोकरी सोडतो म्हणाला, तर "वेड लागले काय?" असे विचारू नका. "हिशेब दाखव" म्हणा. आणि हिशेब पटला, तर चार पैसे आपलेही घाला.