पत्र्याची भट्टी घ्यावी की मातीची?

(उमरी परिसरातील बचत गटांसाठी रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आज बोलायचं आहे भट्टीबद्दल. अलीकडं अनेक गट खाण्याचा धंदा सुरू करतात. कुणी आठवडी बाजारात कणसं आणि रताळी भाजतं, कुणी रस्त्याला लागून तंदूर रोटी आणि भरताची वांगी करून देतं, कुणी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत चार दिवस दुकान लावतं. मग बैठकीत प्रश्न येतो, भट्टी कोणती घ्यायची? एक म्हणते, पत्र्याची घेऊ, स्वस्त आहे, उचलून नेता येते. दुसरी म्हणते, घ्यायचीच तर मातीची घेऊ, चव चांगली येते आणि कोळसा कमी लागतो. दोघींचं खरं असतं आणि दोघींचं अर्धवटही असतं. पैसे मात्र गटाचे असतात, बहुतेक वेळा कर्जाऊ. म्हणून घेण्याआधी नीट समजून घेऊ.

हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडतो असं नाही. जपानमध्ये भात शिजवायची मातीची चूल असते, तिला कामाडो म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडं गेलेल्या अमेरिकी सैनिकांनी तशा झाकणाच्या मातीच्या भट्ट्या घरी नेल्या. 1974 साली अटलांटा शहरात त्या विकणारं एक दुकान निघालं. पुढं साध्या मातीच्या जागी पक्की भाजलेली चिनी माती आली आणि किंमत चढली. मग दुहेरी पत्र्याची स्वस्त भट्टी बाजारात आली. आता तिकडचे लोकही हेच विचारतात, जड आणि महाग घ्यावी की हलकी आणि स्वस्त?

माळवद आणि पत्र्याचं घर

याचं उत्तर आपल्या गावातच आहे. माळवदाचं घर आठवा. हात-दीड हात जाडीची मातीची भिंत. उन्हाळ्यात बाहेर आग ओकत असली तरी दुपारपर्यंत आत गारवा असतो. पण भिंत एकदा तापली की रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. पत्र्याच्या घराचं उलटं. सकाळी नऊ वाजताच आत बसवत नाही आणि ऊन उतरलं की पत्राही लगेच गार होतो.

भट्टीचंही तसंच. मातीची जाड भिंत उष्णता साठवते. उशिरा तापते, उशिरा गार होते. पत्रा लवकर तापतो आणि आग कमी झाली की लगेच गार पडतो.

इथं एक गैरसमज होतो. जाड भिंत म्हणजे कोळसा वाचणारच, असं आपण धरून चालतो. तसं नाही. उष्णता साठवणं वेगळं आणि उष्णता बाहेर जाऊ न देणं वेगळं. जाड मातीची भिंत आधी स्वतःचं पोट भरते, मग आपल्या रोटीला देते. हिशेबच पाहा. 60 किलो वजनाची मातीची भट्टी 300 अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, ती साधारण अर्ध्या किलो कोळशाची असते. 12 किलोच्या पत्र्याच्या भट्टीला तेवढं तापायला साठेक ग्रॅम कोळशाची उष्णता पुरते. हा झाला निव्वळ हिशेब. बरीच उष्णता हवेत जाते, म्हणून प्रत्यक्षात याच्या दुप्पट-तिप्पट कोळसा धरा.

म्हणजे तासाभराच्या कामासाठी मातीची भट्टी पेटवली, तर बराचसा कोळसा भिंत तापवण्यातच गेला. तेच काम पाच-सहा तास चाललं, तर भिंतीनं आधी घेतलेलं ती परत देत राहते. नवा कोळसा थोडा थोडा टाकला तरी भागतं. रोटीमागून रोटी तेवढीच चांगली भाजते. पत्र्याच्या भट्टीत मात्र शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत कोळसा टाकतच राहावं लागतं.

तेव्हा दुकानदाराला किंमत विचारण्याआधी स्वतःला विचारा, आपली भट्टी एका दिवसात सलग किती तास पेटणार? आणि महिन्यातून किती दिवस?

वहीवर मांडायचा हिशेब

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजा म्हणून धरलेले आहेत, तुमच्या बाजारातले भाव तुम्ही घाला.

समजा पत्र्याची भट्टी 3,000 रुपयांना मिळते आणि मातीची 8,000 ला. फरक 5,000 रुपयांचा. तो गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतला, व्याज दरमहा शेकडा दोन. पहिल्या महिन्याचं व्याज झालं 100 रुपये. समजा मातीच्या भट्टीत दिवसाला एक किलो कोळसा कमी लागतो आणि कोळसा 40 रुपये किलो आहे.

रस्त्यावर रोज धंदा करणारा गट महिन्यातले 25 दिवस भट्टी लावतो. त्याचे महिन्याला 1,000 रुपये वाचतात. वाचलेले सगळे पैसे कर्जात भरले, तर सहाव्या महिन्यात कर्ज फिटतं. पुढची बचत गटाची.

फक्त आठवडी बाजारात बसणारा गट महिन्यातून चार दिवस भट्टी लावतो. त्याचे वाचतात 160 रुपये. त्यातले पहिल्याच महिन्यात 100 रुपये व्याजात जातात. याच गतीनं ते 5,000 फिटायला चार वर्षांवर काळ लागेल. शिवाय मातीची भट्टी दर आठवड्याला जीपमध्ये चढवायची आणि उतरवायची. खड्ड्यात एक दणका बसला की तडा. त्या गटानं पत्र्याचीच घ्यावी.

दिवसाला एक किलो कोळसा वाचतोच, हे मात्र कुणाच्या सांगण्यावरून धरू नका. ज्यांच्याकडं अशी भट्टी आहे, त्यांच्याकडं दोन दिवस तराजू घेऊन बसा. सकाळी कोळसा मोजून ठेवा, संध्याकाळी उरलेला मोजा, किती रोट्या निघाल्या ते लिहा. दोन्ही प्रकारच्या भट्ट्यांवर असं केलं की आकडा तुमच्या वहीत येतो. दुकानदार बोलतो त्यापेक्षा तराजू खरं बोलतो.

पत्र्याची घ्यायची तर काय पाहायचं

पहिली गोष्ट, पत्रा दुहेरी आहे का? दोन पत्र्यांमध्ये हवेची पोकळी असली की उष्णता बाहेर कमी जाते, आणि बाहेरून चुकून हात लागला तरी भाजण्याचा धोका कमी होतो. एकेरी पत्र्याची भट्टी स्वस्त दिसते, पण ती आतल्याइतकीच बाहेरची हवा तापवते.

दुसरी गोष्ट, झाकण आणि दार घट्ट बसतं का? अंधारात भट्टीच्या आत बॅटरी लावून ठेवा आणि सगळं बंद करा. जिथून उजेड दिसेल तिथून हवा जाते. जिथून हवा जाते तिथं कोळसा तुमच्या मर्जीनं न जळता स्वतःच्या मर्जीनं जळतो. खालचं हवेचं दार आणि वरची खिडकी ही आपल्या हातातली लगाम आहे. ती सैल असेल तर कितीही चांगली भट्टी कोळसा खाणारच.

तिसरी गोष्ट, पत्रा कसला आहे? जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आगीजवळ नको, फार तापला की त्याचा धूर विषारी असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुना ड्रम कापून भट्टी करायची असेल तर त्यात आधी काय होतं ते विचारा. आपला कापसाचा मुलूख, कीटकनाशकांची पिंपं इथं पैशाला पासरी. असलं पिंप कितीही धुतलं तरी खाण्याच्या कामाला वापरू नका. फुकट मिळालं तरी नको.

चौथी गोष्ट, राख. पत्र्याची भट्टी आगीपेक्षा राखेनं जास्त मरते. राख ओल धरते आणि तळाला गंज चढतो. भट्टी पूर्ण गार झाली की दर वेळी राख काढून टाका आणि पावसात झाकून ठेवा.

मातीची घ्यायची तर काय पाहायचं

तंदूर रोटीला मातीच्या भिंतीसारखं दुसरं काही नाही. माती कणकेचा ओलावा शोषते आणि रोटी धरून ठेवते. पत्र्यावर तीच रोटी पाठीमागून लवकर करपते. वांगी, रताळी, कणसं भाजायची असतील तर मात्र एवढा फरक पडत नाही. म्हणजे तुम्ही काय विकणार, यावरही निवड ठरते.

नवी मातीची भट्टी आणली की पहिल्याच दिवशी भडका करू नका. आत ओल असते. ती एकदम तापली की वाफ होऊन भिंत फुटते. पहिल्या दिवशी अगदी थोडी आग, मग गार होऊ द्या. दुसऱ्या दिवशी थोडी जास्त. असं दोन-तीन दिवस केलं की भट्टी पक्की होते. केसाएवढ्या बारीक भेगा पडतात, त्याला घाबरू नका. बोट अडकेल एवढी भेग मात्र लगेच लिंपा. तापलेल्या भिंतीवर कधी पाणी मारू नका.

गावात कुंभार असेल तर त्यांना आधी विचारा. मोडतोड झाली तर दुरुस्त कोण करणार, हे भट्टी घेण्याआधीच ठरलं पाहिजे. दूरच्या शहरातून आणलेली सुंदर भट्टी फुटली आणि दुरुस्तीला माणूसच नाही, तर ती अंगणात शोभेलाच उरते.

मधला मार्गही आहे. लोखंडी ड्रममध्ये मातीचं भांडं बसवलेला तंदूर मिळतो. ड्रम उचलायला आणि सांभाळायला बरा, आत माती. भांडं फार जाड नसावं, आणि भांडं व ड्रम यांच्यामधल्या पोकळीत काय भरलंय ते विचारा. वाळू भरली तर वजन वाढतं आणि वाळू स्वतःच उष्णता पिऊन घेते. चाळलेली कोरडी राख भरली तर ती उष्णता अडवते. आपण रोज उकिरड्यावर टाकतो ती राख अशी कामाची आहे.

जळण कुठून येणार?

भट्टी एकदा घ्यायची असते, जळण रोज लागतं. लातूर-धाराशिव भागातल्या बायांना याची एक गोष्ट माहीत असेल. 2006 च्या सुमारास तिकडं ‘ऊर्जा’ नावाची शेगडी आली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर बनलेली. बाहेरून धातूची, आतून चिनी मातीची, बॅटरीवर चालणारा छोटा पंखा लावलेली. धूर फार कमी. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या सख्यांनी ती गावोगाव पोचवली. वेगवेगळ्या राज्यांत मिळून चार लाखांहून जास्त शेगड्या विकल्या गेल्या. पण ती चालायची शेतातल्या टाकाऊ मालापासून कारखान्यात केलेल्या गोळ्यांवर. पुढं कच्चा माल महागला, गोळ्यांचे भाव चढले, आणि असंख्य घरांत चांगली शेगडी माळ्यावर गेली. शेगडीत खोट नव्हती. जळण आपल्या हातात नव्हतं.

म्हणून भट्टी अशी घ्या की जी आपल्या जवळच्या जळणावर चालेल. आपल्याकडं बाभूळ आहे, तुराट्या आहेत, पऱ्हाट्या आहेत. पऱ्हाटी-तुराटीचा जाळ मोठा पण लवकर विझणारा. तो भट्टी पेटवायला बरा. निखारा टिकायला बाभळीचं लाकूड किंवा कोळसा हवा.

काम संपल्यावर वरचं तोंड आणि खालचं दार दोन्ही घट्ट बंद करा. हवा तुटली की कोळसा विझतो आणि उरलेला दुसऱ्या दिवशी कामाला येतो. रोज मूठ-दोन मुठी कोळसा वाचला तरी महिन्याला पिशवी भरते.

जिवाची काळजी

ही भट्टी उघड्यावरच लावायची. कोळशाचा धूर डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, पण त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू बंद खोलीत माणसाला झोपेतच संपवतो. थंडीत उरलेले निखारे शेक घ्यायला घरात नेऊन दार लावून झोपू नका. लेकरांजवळ तर मुळीच नको.

बंद भट्टीचं झाकण झटकन उघडू नका. आत हवेला भुकेलेली आग असते, ती एकदम तोंडावर येते. आधी दोन बोटं उचला, क्षणभर थांबा, मग उघडा. पदर खोचून घ्या आणि भट्टीपुढं बसताना सुती लुगडंच नेसा.

आणि घरातल्या रोजच्या चुलीसाठी यातलं काहीच नको. दोन वेळच्या भाकरीला एवढी जड भट्टी परवडत नाही. तिथं धूर कमी करायचं बघा. घरातल्या धुरामुळं होणाऱ्या आजारांनी 2020 साली जगात 32 लाख माणसं गेली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. धुरात सगळ्यात जास्त वेळ बसतो आपण आणि आपल्या मांडीवरची लेकरं.

तर सख्यांनो, पुढच्या बैठकीत चार प्रश्न वहीत लिहा. भट्टी किती तास आणि किती दिवस पेटणार? एका जागी राहणार की फिरणार? त्यात काय भाजणार? मोडली तर कोण दुरुस्त करणार? चारही उत्तरं लिहून झाली की पत्रा की माती, यावर भांडायची वेळ फारशी येणार नाही. रोज एका जागी पाच-सहा तास रोट्या लावणार असाल तर मातीची. बाजारात आणि यात्रेत फिरणार असाल तर दुहेरी पत्र्याची, घट्ट झाकणाची. आणि अजून गिऱ्हाइकाचाच अंदाज नसेल, तर पहिले दोन महिने भाड्यानं किंवा उसनी आणून चालवा. गटाचा पैसा घामाचा आहे, तो आधी तराजूवर घाला आणि मग भट्टीवर.