आपल्या हातची विद्या



वर्गात पहिल्या दिवशी आपल्यापैकी पुष्कळ जण एकच वाक्य बोलतात. "आम्ही अडाणी माणसं. आम्हाला काय येतं?" आज आपण या वाक्याचाच विचार करू.

आपल्याला अक्षरे येत नव्हती, हे खरे. पण म्हणून काहीच येत नव्हते काय?

लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात, ते आठवा. लोहार धाव चाकापेक्षा थोडी लहान करतो. मग ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करतो. तापले की लोखंड वाढते. तेवढ्यात ती चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. निवली की धाव आवळते आणि सारे चाक घट्ट धरते. धाव मोठी झाली तर ढिली राहते. फार लहान झाली तर चाक मोडते. हे माप लोहाराच्या डोळ्यांत आणि हातांत असते. ही विद्याच आहे.

घरातल्या बायांचे पाहा. कोणते कणीस बियाण्याला ठेवायचे, ते त्या निवडतात. बी उन्हात वाळवतात, राखेत घोळून ठेवतात. त्यामुळे किडीपासून ते वाचते. पुढच्या साली शेत उभे राहते ते या बियाण्यावर. तरी विचारले तर म्हणतात, "आम्ही काय करतो? घरचं बघतो!"

चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात, नांदेड नावाचे लहान गाव आहे. तेथे दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. शिक्षण तिसरीपर्यंत. जमीन दीड एकर. १९८३ साली धानाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या बाकीच्या धानात झोडून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या जपून ठेवल्या. पुढच्या साली त्यांचे बी निराळे पेरले. असे वर्षानुवर्षे ते निवडत गेले. त्यातून बारीक तांदळाचे नवे वाण तयार झाले. त्या वेळी एचएमटी हे घड्याळ नावाजलेले होते. तेच नाव या वाणाला पडले. २०१८ साली दादाजी वारले. त्यांचा तांदूळ आजही बाजारात त्याच नावाने विकला जातो.

दादाजींनी काय केले? आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवला. "मला काय कळतं?" असे म्हणाले असते, तर ते वाण झालेच नसते.

आपण आपले काम हलके मानले, की दुसराही हलके मानतो. मजुरी विचारली की आपण म्हणतो, "द्या काय द्यायचं ते." मग तो देईल तेवढेच पदरात पडते. मुलेही म्हणतात, "हे शिकून काय उपयोग?" आणि म्हातारा माणूस गेला की त्याची विद्याही त्याच्याबरोबर जाते.

अभिमान म्हणजे ताठा नव्हे. ज्याला आपले बळ ठाऊक असते, त्याला न येणारी गोष्ट विचारायला लाज वाटत नाही.

आता आपल्याला लिहिता येते. म्हणून आज रात्री वहीत तीन गोष्टी लिहू या. गाव मला कोणत्या कामाला बोलावते? ते काम चांगले झाले, हे मी कशावरून ओळखतो? ते मी कोणाला शिकवले? चुकले तरी चालेल, पण आपल्या हाताने लिहू या. उद्या वर्गात एकेकाने ते मोठ्याने वाचावे. बाकीचे ऐकतील.