प्रशिक्षण तालुक्याच्या दप्तरापर्यंत

विकसनशील देशांत स्वातंत्र्यानंतर सरकारी यंत्रणेचे काम बदलले. सारावसुली आणि बंदोबस्त पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडे धरणे, शाळा, दवाखाने आणि पाणीपुरवठा आला. ही गरज ओळखून दिल्लीत 1954 साली भारतीय लोकप्रशासन संस्था स्थापन झाली. केनियानेही 1961 साली प्रशासन प्रशिक्षणाची संस्था काढली. महाराष्ट्रात 1963 साली मुंबईत सुरू झालेली संस्था 1984 साली पुण्यात आली; तीच आजची ‘यशदा’.

1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा कारभार सुरू झाला आणि विकासाचे निर्णय तालुक्याच्या गावी येऊ लागले. 2011 साली राज्याने प्रशिक्षण धोरणही ठरवले. त्याची खरी कसोटी मात्र ग्रामपंचायतीच्या दप्तरात लागते.

या दप्तरात 1 ते 33 नमुने असतात. रोकडवही नमुना 5 मध्ये, कर आकारणी नमुना 8 मध्ये. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातील निधीपैकी 60 टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. तो रस्त्याच्या कामावर खर्ची पडला, तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि गावाची पुढची कामे अडतात. नियम पाठ करून ही चूक टळत नाही. निधीचे हे बंधन ग्रामसभेत समजावून सांगता यावे लागते, सरपंच आणि सदस्यांना सोबत घेऊन आराखडा बसवावा लागतो. हे कसब सभागृहातल्या व्याख्यानांतून येत नाही. खरे दप्तर समोर ठेवून, जाणत्या सहकाऱ्याच्या हाताखाली काम केल्यानेच ते येते.

प्रशिक्षणावरची ही परिषद जिथे भरते आहे, त्या जिंतूर तालुक्यातच पूर्णा नदीवरचे येलदरी धरण आहे. धरण अभियंत्यांनी उभे केले. पण कोणत्याही गावात नळाला पाणी रोज येण्यासाठी पाणीपट्टी वसूल व्हावी लागते, पंपाचे वीजबिल वेळेवर भरावे लागते, दुरुस्तीसाठी पैसा शिल्लक ठेवावा लागतो. हे व्यवस्थापन आहे आणि ते शिकवता येते.

म्हणून पदभार देण्याआधी प्रशिक्षण, तेही मराठीतून व तालुक्याच्या ठिकाणी, आणि त्यानंतर प्रत्यक्ष कामाची पाहणी, असा स्पष्ट ठराव या परिषदेने करावा, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.