शंका आणि अंकुर

कलेचा ध्यास असूनहि पुष्कळांचें आयुष्य 'हें मला साधेल काय?' या एका प्रश्नापाशींच खुंटतें. त्याचें उत्तर घरीं बसून मिळत नाहीं. दादासाहेब फाळके यांचें चरित्र याची साक्ष देईल. वय चाळिशीचें, छापखान्याचा धंदा सुटलेला, पदरीं मुलेंबाळें. आणि चित्रपट काढावा तर देशांत त्या विद्येची शाळा नाहीं. अशा स्थितींत विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनीं १९१२ सालीं लंडन गांठलें व कॅमेरा मिळविला. तरीहि भांडवल कोण देणार? तेव्हां त्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखविली. त्या इवल्याशा चित्रानें धनकोचा विश्वास बसला. पत्नी सरस्वतीबाईंनीं फिल्मला भोकें पाडण्यापासून सर्व कामें शिकून हात दिला, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईस 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला.

सर्वस्व गहाण टाकण्याचें धाडस प्रत्येकास झेपेल असें नाहीं, व तसा आग्रहहि कोणी धरूं नये. परंतु एक वाटाणा पेरणें कोणासहि अशक्य नाहीं. लेखकानें एक गोष्ट पुरी करावी, चित्रकारानें एक चित्र चारचौघांपुढें मांडावें. अंकुर डोळ्यांना दिसला, म्हणजे पुढील वाट चालावयास मन आपण होऊन तयार होतें.